कोबी, कूट आणि तसलं

फिजोआ पडायला लागले की मला घरात बसवत नाही आणि बाहेरही जाववत नाही. पेरूच्या लांबच्या नात्यातलं, अंड्याएवढं, हिरवं फळ. ऑकलंडमध्ये मार्च संपता संपता दर दुसऱ्या घरामागे त्याचा सडा पडतो. मग लोक पिशव्या भरभरून एकमेकांच्या दारात ठेवून पळ काढतात, कारण खाऊन खाऊन माणूस खाणार तरी किती! त्याचा वास पहिले दोन दिवस बरा वाटतो. तिसऱ्या दिवशी डोकं उठतं. नितीन, माझा नवरा, म्हणतो, "अगं, फळ आहे ते. त्याच्याशी काय भांडतेस?"

भांडत नाही मी. पण तो वास आला, एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली आणि सहा वाजता अंधारून यायला लागलं, की माझं काही खरं नसतं. या देशातला हा पानगळीचा काळ मला अजून अंगवळणी पडलेला नाही. कॅलेंडरात चैत्र असतो, पुण्याहून बहीण आंब्याच्या डाळीचे फोटो पाठवत असते, आणि इथे आमच्या टाकानिनीच्या गल्लीत गारठलेला पाऊस झिमझिमत असतो. चैत्रात स्वेटर! नऊ वर्षं झाली, तरी मनातल्या मनात माझी कुरकुर चालूच. आणि या कुरकुरीच्या खाली एक जुनं दुखणं आहे. ते २०१४ सालच्या एप्रिलचं.

त्या एप्रिलात माझ्या सासूबाई आमच्याकडे होत्या. मी त्यांना आईच म्हणायचे. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात सासरे गेले आणि डिसेंबरात नितीन जाऊन आईंना घेऊन आला. सदाशिव पेठेतून उठून थेट इथे. सकाळी साडेसातला आम्ही दोघं ऑफिसला, आमची लेक ईरा शाळेत आणि शाळेनंतरच्या पाळणाघरात. आई दिवसभर लाउंजच्या खिडकीत. समोर रस्ता, रस्त्यावर गाड्या, गाडीत एकेक माणूस. "माणसं चालत नाहीत का गं इथे?" त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मी म्हटलं, चालतात ना, शनिवार-रविवारी, व्यायामाला. त्या हसल्या नाहीत. जेवणही इतकंसं. अर्धी पोळी घेऊन ती तासभर मोडत बसायच्या. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. मला त्यांची काळजी वाटायची आणि, खोटं कशाला बोलू, कंटाळाही यायचा.

मग अळू आलं. म्हणजे होतंच, आम्ही पाहिलं नव्हतं. आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये खांद्याइतकं लाकडी कुंपण आहे. पलीकडे मेई राहते, एका कंपनीत हिशेबनीस आहे, तिचं न्यूझीलंडचं इंग्रजी माझ्यापेक्षा अस्सल. तिची आई तिच्याबरोबर राहायची. आडनाव चेन. आई तिला चेनबाई म्हणायच्या आणि लगेच पुढे जोडायच्या, "नाव चेन, पण बाईला क्षणभर चैन नाही." खरंच नव्हती. सत्तरीची ती काटकुळी बाई पायात जांडल्स घालून, म्हणजे आपल्या रबरी चपला घालून, पावसात वाफे खणत असायची. एक दिवस आईंनी कुंपणावरून डोकावून पाहिलं तर चेनबाई अळवाची पानं कापून कचऱ्यात टाकत होत्या. ढीगच्या ढीग. त्यांना खालचे कंद हवे होते.

"अहो! अहो, टाकताय काय!" आई मराठीत ओरडल्या. तीन महिन्यांत एवढ्या मोठ्यांदा बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं. शनिवार होता, मी कपडे वाळत घालत होते. चेनबाईंनी दचकून वर पाहिलं. आईंनी खुणा केल्या, ते मला द्या. चेनबाईंनी पानांकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं, आणि या बाईला कचरा हवाय असं समजून, मोठ्या दयेनं, कुंपणावरून भारा दिला. संध्याकाळी त्याच्या वड्या तळून पलीकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी चेनबाई कुंपणाशी उभ्या. हातात पानांचा दुसरा भारा, आणि चेहऱ्यावर असा भाव की सत्तर वर्षं मी हे फेकत आले, मला कुणी सांगितलं का नाही!

तेव्हापासून आई पोळी मोडत बसेनाशा झाल्या. संध्याकाळी मी आले की मला बातम्या मिळायच्या. चेनबाईंचं गाव चीनच्या पूर्व किनाऱ्यावर, फुजियान प्रांतात. तिथल्या जुन्या घरांच्या भिंती म्हणे कालवांच्या शिंपल्यांनी लिंपलेल्या. तिथल्या बायका म्हातारपणीसुद्धा अंबाड्याला फुलांची वेणी घालतात. चेनबाईंना नवरा जाऊन बारा वर्षं झाली. हे सगळं आईंना कसं कळलं, देव जाणे. त्यांना चिनी येत नव्हतं, चेनबाईंना मराठी नाही, आणि इंग्रजीत दोघींचं मिळून "थँक्यू" आणि "नो". थोडंफार मेई सांगायची, बाकी खुणा, चित्रं आणि भांडी. एकदा चेनबाईंनी दारातलं गुलाबी कॅमेलियाचं फूल खुडून आईंच्या अंबाड्यात खोचायला हात पुढे केला, तेव्हा आईंनी तो हात धरून खाली घेतला. धरूनच ठेवला थोडा वेळ. हे मी खिडकीतून पाहिलं.

पण मुख्य विषय खाणं. दोघींचाही. चेनबाईंच्या गावाकडचे पदार्थ मला आईंकडून कळले ते असे: शेवयांसारख्या बारीक, हातभर लांब नूडल्स, वाढदिवसाला करतात, आणि त्या तोडायच्या नाहीत, आयुष्य तुटतं. मुळा किसून तांदळाच्या पिठात घालून वाफवायचा, मग वड्या पाडून परतायच्या. "आपल्या कोथिंबीर वडीची चुलत बहीण," इति आई. कालवं आणि रताळ्याचं पीठ एकत्र करून धिरडं. इथे आई अडकल्या. "रताळं उपासाचं, आणि त्यात बाई तसलं घालते!" तसलं म्हणजे मासे, मटण, अंडं, सगळं. आमच्या घरात या गोष्टींची नावं घेत नसत. लग्न झाल्यावर मला सासरी पहिला प्रश्न तोच आला होता: "तुमच्याकडे तसलं काही चालतं का?"

शेंगदाण्यांची खीर मात्र आईंनी मनापासून स्वीकारली. दाणे रात्रभर भिजवून, सालं काढून, लोण्यासारखे मऊ होईपर्यंत शिजवायचे आणि साखर घालायची, एवढंच. चेनबाईंच्या गावात ती सकाळी वाटीतून विकतात म्हणे. "एकादशीला चालेल," आईंनी निकाल दिला आणि पुढच्या एकादशीला दोघींनी ती खाल्ली. चेनबाईंना त्या दिवशी काय आहे हे कळलं असेल असं वाटत नाही, पण त्या अगदी गंभीर चेहऱ्यानं जेवल्या, असं आई म्हणाल्या.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चेनबाईंकडे पितरांचा दिवस असतो. गॅरेजमध्ये गाडीच्या जागेवर टेबल, त्यावर नवऱ्याचा फोटो, उदबत्त्या, संत्री, भाताच्या वाटीत उभ्या खोचलेल्या जेवायच्या दोन काड्या. आई बघून आल्या. मग म्हणाल्या, "आपल्यासारखंच गं. फक्त कावळ्याची भानगड नाही." ऑकलंडला कावळे नाहीत. महिन्याभरानं सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होतं आणि पान कुठे ठेवायचं, कोण शिवणार, याची त्यांना फार चिंता लागली होती.

त्या दिवशी चेनबाईंच्या माहेरी आणि सासरी एकच पदार्थ करतात. लुनपिया. पातळ, जवळजवळ आरपार दिसणारी पोळी, तिच्यात भाज्यांचं सारण, वर साखर घातलेलं शेंगदाण्याचं कूट, आणि गुंडाळून हातात धरून खायचं. कूट! आईंना हर्षवायू व्हायचा बाकी होता. अर्ध्या जगापलीकडची बाई जेवणात दाण्याचं कूट घालते म्हणजे ती परकी कशी? "त्यांच्याकडे खलबत्ता आहे," असं त्यांनी मला अशा सुरात सांगितलं की चेनबाईंचं कुळ-गोत्र त्यांना सापडलं असावं.

आणि त्या पोळीची गंमत निराळीच. सैलसर भिजवलेल्या पिठाचा गोळा मुठीत धरायचा, सतत हलवत ठेवायचा, नाहीतर तो ओघळतो. तापल्या तव्यावर एकदाच गोल फिरवून उचलायचा. तव्यावर राहतो तो पदर, तीच पोळी. आईंच्या माहेरी मांडे व्हायचे, हातावर पोळी फिरवायची सवय त्या हातांना होती. तिसऱ्या दिवशी त्यांना ते जमलं. मी संध्याकाळी आले तर कट्ट्यावर ताटभर पोळ्या, कापडाखाली झाकलेल्या, आणि आईंच्या अंगठ्याला भाजल्याचा फोड. "फोड आला," त्या म्हणाल्या, आणि तो फोड दाखवताना त्यांचा चेहरा असा होता की सासरे गेल्यानंतर मी तो पहिल्यांदा पाहत होते.

इथपर्यंत सांगायला मला आवडतं. माझ्या मैत्रिणींना मी इथपर्यंतच सांगते. कुंपण, अळू, दोन म्हाताऱ्या, कूट. सगळ्या म्हणतात, "किती गोड!" आणि मी विषय बदलते.

एप्रिल संपत आला होता. ऑफिसात माझं डोकं दुखायला लागलं म्हणून मी दुपारीच निघाले. मनुरेवाच्या पुढे ट्रॅफिक नव्हता, दोनच्या सुमारास घरी. गॅरेजच्या दारातून आत शिरले आणि वासानं थबकले. तळलेल्या सुक्या माशाचा वास. नुसता मासा नव्हे. जळका, खारट, थोडा गोडसर, पडद्यांत आणि सोफ्यात मुरणारा. स्वयंपाकघरात चेनबाई ओट्याशी. तव्यात काहीतरी तपकिरी, चुरचुरत. आई टेबलाशी. समोर ताटली, ताटलीत गुंडाळलेली पोळी. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

आता हे नीट सांगते. मी काही सोवळी बाई नाही. ऑफिसात शुक्रवारी मी चिकनचा रोल खाते, नितीन तर काहीही खातो, घरी मात्र आईंसाठी म्हणून सगळं बंद. मला राग आला तो धर्माचा नव्हता. आम्ही आमच्या जिभेला आवर घालून बसलोय, आणि माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच तव्यात, मला न विचारता हे! डोकं दुखत होतंच. मी चेनबाईंसमोर म्हणाले, "आई, या घरात तसलं चालणार नाही, हे मी तुम्हाला सांगायचं का? बाबांचं वर्षश्राद्ध दहा दिवसांवर आलंय."

शेवटचं वाक्य बोलायचं काही कारण नव्हतं. ते मी लागावं म्हणूनच बोलले, आणि ते लागलं.

आई उठल्या. "चेनबाई करत होत्या," त्या हळू म्हणाल्या. "मी नुसती बघत होते." चेनबाईंना शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला. त्यांनी गॅस बंद केला, तवा तसाच सोडला, वाकून काहीतरी पुटपुटल्या, माफीच असणार, आणि जांडल्स हातात घेऊन अनवाणी मागच्या दारानं गेल्या. पाऊस पडत होता. आईंनी तवा तीनदा घासला. ताटली कधी रिकामी झाली ते मी पाहिलं नाही. मी खिडक्या उघडत फिरत होते.

संध्याकाळी ईरानं शाळेतून आल्या आल्या नाक वर करून विचारलं, "मॉम, व्हॉट्स दॅट स्मेल? इट्स यम!" मी तिच्यावरही खेकसले.

त्यानंतर भांडण असं काही झालंच नाही. झालं असतं तर बरं. कुंपणावरून भाजी इकडून तिकडे गेली, नमस्कार झाले. चेनबाई आमच्या घरात पुन्हा आल्या नाहीत. वर्षश्राद्धाचं पान आईंनी कुंपणाच्या खांबावर ठेवलं, दोन साळुंक्या आल्या आणि भांडत भांडत खाऊन गेल्या. जूनमध्ये व्हिसा संपायच्या आत नितीन त्यांना सोडून आला. मुक्काम वाढवायचा अर्ज करता आला असता. नितीननं विचारलंही होतं. त्या म्हणाल्या, "नको रे, घर बंद आहे तिकडे." मी आग्रह केला नाही. पुन्हा त्या आल्या नाहीत. दोन वर्षांनी पुण्यातच गेल्या, झोपेत.

मी कुंपणावरून मेईला सांगितलं. तिनं आत जाऊन आईला सांगितलं असावं, कारण घरातून भांडं पडल्याचा आवाज आला. पुढच्या एप्रिलात चेनबाईंच्या गॅरेजचं दार उघडं होतं आणि येता जाता मला दिसलं, टेबलावर भाताच्या वाट्या दोन होत्या. एका वाटीत काड्या खोचलेल्या. दुसरीत नव्हत्या, शेजारी फक्त मूठभर दाण्याचं कूट. काड्यांनी आई जेवणार नाहीत हे चेनबाईंना माहीत होतं. मी गाडीत बसून राहिले आणि दहा मिनिटं उशिरा ऑफिसला पोचले.

हे सगळं मागचं. आता या वर्षीचं, २०१९चं.

उन्हाळ्यात चेनबाई वाफ्यात पडल्या. हॉस्पिटल, मग अर्धांगवायूचा झटका, मग मनुरेवाच्या एका रेस्ट होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, खोली. एप्रिलच्या मध्याला मेई आमच्या दारात आली. हातात फिजोआंची पिशवी, कारण रिकाम्या हातानं येणं तिला जमत नाही. "कम इन," म्हटलं तरी दारातच उभी. सांगताना तिचा आवाज चिरकत होता. आई खात नाही. तीन आठवडे झाले. सूप तोंडाशी नेलं की तोंड फिरवते, भात दिला तर उशीखाली लपवते. डॉक्टर म्हणाले, गिळता येतंय तिला, ती खात नाहीये. असंच चाललं तर फार दिवस नाहीत. "शी युज्ड टू मेक दॅट रोल थिंग विथ युअर मदर-इन-लॉ," मेई म्हणाली. "मी कधी शिकलेच नाही. मी दहा वर्षांची असताना इथे आले, मला टोस्ट आवडायचा. तुमच्याकडे काही लिहिलेलं आहे का?" गावी मावशीला फोन केला होता. मावशी म्हणाली, प्रत्येक घराचं सारण वेगळं, तुझ्या आईचं तिलाच ठाऊक.

लिहिलेलं होतं. आईंची वही इथेच राहिली होती, ओट्याखालच्या खणात, मिक्सरच्या जुन्या माहितीपुस्तकाखाली. पाच वर्षांत मी ती उघडली नव्हती. निळ्या शाईत, रेषेवर बसलेलं अक्षर. चेनबाईंची पोळी, असं शीर्षक. कोबी बारीक चिरून मंद आचेवर तासभर. गाजर, फरसबी, टोफू. समुद्रातलं वाळकं शेवाळ तळून चुरडावे. कूट जाडसर, पिठीसाखर निम्मी. कोथिंबीर भरपूर. मीठ अंदाजाने. आणि मग: "शेवटी तसलं तळून, कुटून घालतात. त्याशिवाय ती चव येत नाही."

मी ते मेईला वाचून दाखवलं, भाषांतर करत. "तसलं म्हणजे काय?" तिनं विचारलं. मी हसले आणि माझं तोंड तसंच राहिलं. कालवं? कोळंबी? सोडे? डुक्कर? आई लिहू शकल्या नाहीत. देवाची वही नव्हती ती, साधी शंभर पानी, पण त्यांच्या हातून नाव उतरलं नाही. दुसरं वाक्य, चवीचं, वाचता वाचता मला खटकलं होतं, पण मी स्वतःला समजावलं, चेनबाईंनी सांगितलं असेल, यांनी उतरवून घेतलं असेल. आपण स्वतःला पटकन समजावतो.

पण तो वास मला ठाऊक होता. ज्या वासावरून मी घर डोक्यावर घेतलं होतं, तो ओळखायला मला वही लागणार नव्हती. मेई आणि मी मनुरेवाच्या चिनी दुकानात गेलो. सुक्या मासळीच्या रांगेत मी, सदाशिव पेठेची सून, पाकिटं नाकाशी धरून हुंगत फिरत होते. एक बाई आमच्याकडे संशयानं बघत होती. सोडे नव्हेत. बोंबलासारखं काहीतरी होतं, ते नव्हे. अकराव्या की बाराव्या पाकिटाला मी थांबले. चपटा, हाताच्या पंजाएवढा, कागदासारखा वाळलेला मासा. "हाच," मी म्हटलं. मेईनं पाकिटावरची अक्षरं वाचली आणि रडायला लागली. तिला नाव माहीत होतं, चव आठवत नव्हती.

रविवारी सकाळी माझ्याच स्वयंपाकघरात आम्ही तो तळला. खिडक्या मी बंद ठेवल्या. मुठीतल्या गोळ्याची पोळी आम्हा दोघींनाही जमली नाही, सगळा ओटा बरबटला, शेवटी दुकानातल्या गोठवलेल्या पोळ्या काढल्या. कोबी तासभर. कूट जाडसर. मासा कुटून वर घातला आणि सारण ढवळलं तेव्हा त्या दुपारचा वास पूर्ण झाला. मी एक घास खाऊन पाहणार होते, मग वाटलं, नको, आधी त्यांना.

रेस्ट होमच्या कॉरिडॉरमध्ये उकडलेल्या बटाट्याचा आणि फिनाइलचा वास होता. चेनबाईंच्या खोलीची देखभाल करणारी मुलगी केरळची होती, सावळी, उंच, केसांचा अंबाडा. ती आम्हाला दारातच म्हणाली, "आज तरी खाऊ दे. रोज मी ट्रे घेऊन आत गेले की मला बघून म्हणते, सून. सून, सून. थोड्या वेळानं खाते म्हणत असेल. पण ती वेळ येतच नाही." तिनं तो इंग्रजी शब्द समजून सांगितला. मलाही तो इंग्रजीच वाटला. मेई म्हणाली, "तिला इंग्रजीत तेवढंसुद्धा येत नाही."

खोलीत खिडकीशी, उशांना टेकून, चेनबाई. केवढ्याशा झाल्या होत्या. मेईनं डबा उघडला, वास पसरला, आणि त्या डोळ्यांत एकदम कुणीतरी आलं. मेईनं गुंडाळी त्यांच्या चांगल्या हातात दिली. त्यांनी ती धरली. वास घेतला. तोंडाकडे नेली. मी पुढे झाले, बघता यावं म्हणून, आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"सून," त्या म्हणाल्या. घाईनं, दबक्या आवाजात, दुसऱ्या कुणाला तरी सांगावं तसं. "सून! सून!" आणि गुंडाळी पांघरुणाखाली सारली.

मला कळायला दोन क्षण लागले असतील. इंग्रजी नव्हतं ते. आईंनी शिकवलेला शब्द होता. दुपारी दोघी माझ्या घरात करत असणार आणि खात असणार, एकदा नाही, कितीतरी दुपारी, दोघीही. एक जेवत असताना दुसरी खिडकीत उभी राहायची आणि माझी गाडी वळताना दिसली की आत सांगायची. त्या दिवशी मी अवेळी आले, म्हणून सापडल्या. आईंचा सगळा आनंद माझ्यापासून लपवून चालला होता, आणि ही बाई तीन आठवडे उपाशी राहून अजून पहारा देत होती. केरळच्या त्या मुलीत तिला मी दिसत होते.

"व्हॉट इज इट? व्हॉट डझ इट मीन?" मेई विचारत होती.

"तिला वाटतंय मी रागावेन," मी म्हटलं. "मी बाहेर जाते. त्या मुलीलाही आत येऊ देऊ नकोस. तूच बस."

चेनबाईंना माझं काय म्हणणं आहे ते कुठल्या भाषेत सांगणार होते? मी हात जोडले. त्यांनी पांघरूण आणखी घट्ट धरलं. मी बाहेर आले, दार पूर्ण लावून घेतलं, आणि त्या दाराला असलेल्या काचेतूनही दिसणार नाही अशी भिंतीला चिकटून उभी राहिले. केरळची मुलगी ट्रे घेऊन येत होती, तिला हातानंच थांबवलं.

तिच्या ट्रेमधलं जेवण निवत गेलं. मग मेईची हाक आली, रडत आणि हसत, "शी इज ईटिंग! यू कॅन कम इन नाऊ, शी इज ईटिंग!"

मी गेले नाही. त्यांचं जेवण होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.